विजेचे वजन : मणिबेलीचे पाणी, इलेक्ट्रॉन आणि द्रव्य-ऊर्जेचे नाते

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगा जिथे नर्मदेला जाऊन भिडतात त्या उतारावर वसलेले मणिबेली हे गाव सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपासून वरच्या अंगाला अवघ्या काही किलोमीटरवर येते आणि म्हणूनच ते महाराष्ट्रातील बुडिताचे पहिले गाव ठरले. हा भाग धुळे जिल्ह्यात मोडत होता त्या काळातच, म्हणजे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात, जलाशयाचे पाणी येथील घरांपर्यंत आणि शेतांपर्यंत पोचले. परिसरातील शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. आणि मोठ्या धरणांना जागतिक बँकेकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यास स्थगिती द्यावी अशी मागणी करणाऱ्या १९९४च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला याच गावाचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील एकंदर ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली आणि त्या बदल्यात राज्याच्या वाट्याला मुख्यतः जे आले, ते म्हणजे वीज. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली दिलेल्या निवाड्यानुसार प्रकल्पात निर्माण होणाऱ्या विजेपैकी ५७ टक्के मध्य प्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला मिळावयाची असून, नदीपात्रातील १,२०० आणि कालव्याच्या मुखाशी असलेल्या २५० अशा एकूण १,४५० मेगावॅट स्थापित क्षमतेतून महाराष्ट्राचा हिस्सा सुमारे ३९१ मेगावॅट इतका होतो.

जमीन, पाणी आणि घर यांचे माप सहज घेता येते; परंतु त्यांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या या वस्तूचे स्वरूप नेमके काय आहे, ती द्रव्य आहे की द्रव्याहून वेगळे काही, तिला वजन असते काय आणि असल्यास किती, या प्रश्नांची उत्तरे विजेचे देयक नियमित भरणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतात. ती शोधू गेल्यास विज्ञानाला ज्ञात असलेल्या सर्वांत हलक्या प्रभारित कणापाशी, म्हणजे इलेक्ट्रॉनपाशी, येऊन थांबावे लागते आणि तेथून पुढे द्रव्य व ऊर्जा यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे कठीण होत जाते.

अणूतला सर्वांत हलका घटक

केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये निर्वात नळीतील किरणांचा अभ्यास करून असे दाखविले, की हे किरण म्हणजे ऋणप्रभार धारण करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा प्रवाह असून नळीत कोणताही वायू भरला किंवा धातूचा कोणताही तुकडा वापरला तरी ते कण एकाच प्रकारचे निघतात. सर्व पदार्थांत समान असलेला एक घटक यामुळे प्रथमच हाती आला आणि अणू अविभाज्य असतो ही जुनी समजूत मागे पडली. पुढे अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब विद्युत्क्षेत्रात तरंगते ठेवून या कणाचा प्रभार मोजला व १९१३ मध्ये त्याचे अचूक मूल्य प्रसिद्ध केले. त्या मूल्यावरून हिशेब केल्यास, तारेतून एक अँपियर प्रवाह वाहत असताना तारेच्या छेदातून दर सेकंदाला ६२ या आकड्यापुढे सतरा शून्ये दिल्यावर होईल इतके इलेक्ट्रॉन पार होतात.

इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, म्हणजे त्याच्यात असलेल्या द्रव्याचे माप, किलोग्रॅममध्ये लिहावयाचे तर दशांश चिन्हानंतर तीस शून्ये देऊन मग ९१ लिहावे लागतात. अणूच्या केंद्रात असणाऱ्या प्रोटॉनच्या तुलनेत ते १,८३६ पटींनी कमी आहे. नर्मदेच्या एक लिटर पाण्याचे वस्तुमान साधारणपणे एक किलोग्रॅम धरले, तर त्यातील सर्व इलेक्ट्रॉनांचे मिळून वस्तुमान अवघे ०.३ ग्रॅम भरते आणि उरलेले जवळजवळ सगळे वस्तुमान हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रांत असते. असे असूनही पाण्याला पाण्याचे गुण देणारा, हायड्रोजनला ऑक्सिजनशी जोडून ठेवणारा आणि दगडाला कठीणपणा आणणारा घटक इलेक्ट्रॉनच आहे, कारण अणूने व्यापलेली जवळजवळ सगळी जागा त्याच्या वावराची असून अणुकेंद्र हे त्या जागेच्या मध्यावर, अणूच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान अशा क्षेत्रात सामावलेले असते. एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, हा नियम वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडला. सातपुड्याचा काळा पाषाण पायाखाली दबून नाहीसा होत नाही, याचे मूळ कारण हा नियम आणि इलेक्ट्रॉनांमधील परस्पर प्रतिकर्षण हेच होय.

इलेक्ट्रॉन हा अणुकेंद्राभोवती ठरीव कक्षेत फिरणारा छोटा गोळा आहे, हे शालेय पुस्तकातील चित्र मात्र आज टिकत नाही. फ्रान्सचे लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये असे सुचविले, की प्रकाशाप्रमाणेच द्रव्याच्या कणांनाही तरंगाचे गुण असावेत. आणि १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन व जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर, तर ब्रिटनमध्ये जी. पी. थॉमसन यांनी धातूच्या पातळ पापुद्र्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून त्यांचे तरंगस्वरूप प्रत्यक्ष दाखवून दिले. यातील जी. पी. थॉमसन हे जे. जे. थॉमसन यांचे चिरंजीव होत. पित्याने इलेक्ट्रॉन कण असल्याचे सिद्ध केले आणि पुत्राने तो तरंगासारखा वागतो हे सिद्ध केले, व दोघांनाही नोबेल पुरस्कार मिळाला. पुंज यांत्रिकी, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वर्तनाचे गणिती शास्त्र, या दोन्ही निष्कर्षांना एकत्र सामावून घेते आणि असे सांगते, की मोजण्यापूर्वी इलेक्ट्रॉनला एक निश्चित ठिकाण नसते, तो कोठे आढळण्याची शक्यता किती एवढेच आधी सांगता येते आणि मोजल्यावर मात्र तो नेहमी अखंड, एकच एक कण म्हणून सापडतो.

तारेतून प्रत्यक्षात काय जाते?

धरणात साठलेले पाणी उंचावर असल्यामुळे त्याच्यात स्थितिज ऊर्जा, म्हणजे स्थानामुळे आलेली कार्य करण्याची क्षमता, साठलेली असते. ते खाली सोडले की तिचे रूपांतर गतिज ऊर्जेत होते, टर्बाइनची पाती फिरू लागतात आणि त्यांना जोडलेल्या जनित्रातील चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांजवळून वेगाने फिरत राहतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यातील इलेक्ट्रॉनांना रेटा मिळतो, हा मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लावलेला शोध जगातील बहुतेक सर्व वीजकेंद्रांच्या मुळाशी आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पाणी खोपोलीला उतरवून टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९१५ मध्ये मुंबईला वीज पुरविण्यास सुरुवात केली तेव्हाही हेच तत्त्व कामी आले होते. मणिबेलीप्रमाणेच नंदुरबार जिल्ह्यात येणाऱ्या बिलगाव येथे गावकऱ्यांनी श्रमदान करून आणि केरळमधील तंत्रज्ञांचे साहाय्य घेऊन २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला आणि २००६च्या पुरात तो नष्ट झाला. त्या प्रकल्पाचे भौतिकशास्त्रही सरदार सरोवराहून तिळमात्र वेगळे नव्हते.

वीजकेंद्रात तयार झालेले इलेक्ट्रॉन तारांमधून वाहत घरापर्यंत येतात, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती मात्र दोन्ही अंगांनी चुकीची आहे. जनित्र इलेक्ट्रॉन तयार करीत नाही, कारण ते तारेच्या धातूत आधीपासूनच असतात; तांब्याच्या प्रत्येक अणूचा साधारण एक इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी बांधलेला न राहता संपूर्ण तारेत मोकळा वावरतो, आणि धातू विजेचे सुवाहक असतात ते याचमुळे. दुसरे असे, की हे इलेक्ट्रॉन फार दूर जातच नाहीत. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपियरचा एकदिश प्रवाह वाहत असेल, तर त्यांचा पुढे सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे २६ सेंटिमीटर एवढाच असतो. घरोघरी येणारी वीज तर प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी असल्याने वरच्याच तारेतील इलेक्ट्रॉन आपल्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात हेलकावत राहतो. नर्मदेकाठच्या वीजगृहातील एकही इलेक्ट्रॉन यामुळे मुंबईच्या किंवा नाशिकच्या दिव्यापर्यंत पोचत नाही. आणि घराच्या मीटरमधून एका तारेने जितके इलेक्ट्रॉन आत रेटले जातात तितकेच त्याच क्षणी दुसऱ्या तारेने बाहेर रेटले जात असल्याने ग्राहकाच्या घरात इलेक्ट्रॉनांची भरही पडत नाही.

मग दिवा लावताक्षणी उजळतो कसा, याचे उत्तर असे, की प्रवास इलेक्ट्रॉन करीत नाहीत, ऊर्जा करते. मातीकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेले हातोहात पुढे देतात, तेव्हा प्रत्येक जण आपल्या जागीच असतो आणि माती मात्र दूरवर पोचते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. मात्र येथे ऊर्जा एका इलेक्ट्रॉनच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिली जात नाही, तर तारेभोवतीच्या अवकाशात निर्माण झालेल्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून ती प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल इतक्या वेगाने पुढे जाते. ऊर्जेचा हा प्रवाह तारेच्या आतून नव्हे, मुख्यतः तिच्या सभोवारच्या अवकाशातून होतो, हे जॉन हेन्री पॉयंटिंग यांनी १८८४ मध्ये गणिताने दाखविले. तारेतील इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रांना वाट दाखवितात आणि दिव्याच्या किंवा पंख्याच्या ठिकाणी त्यांच्याकडून ऊर्जा घेऊन तिचे उष्णतेत, प्रकाशात किंवा गतीत रूपांतर घडवितात.

एका युनिटचे वजन

वीज म्हणून जे विकले जाते ते इलेक्ट्रॉन नसून ऊर्जा आहे, हे एकदा स्पष्ट झाले की तिचे माप पाण्यातही मांडता येते. जलाशयातील आणि धरणाखालील पाण्याच्या पातळ्यांत १०० मीटरचा फरक धरला, तर एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी तेवढ्या उंचीवरून उतरताना सुमारे ९ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा देते. घरगुती देयकातील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास किंवा ३६ लाख ज्यूल असल्याने, मध्ये काहीच वाया जात नाही असे मानले तरी एका युनिटसाठी सुमारे ३,७०० लिटर पाणी १०० मीटर खाली उतरावे लागते आणि घर्षणादी नुकसान लक्षात घेतल्यास त्याहून जास्त. नदीपात्रातील वीजगृह १,२०० मेगावॅट या पूर्ण क्षमतेने चालवायचे, तर याच हिशेबाने सेकंदाला १,२०० घनमीटरपेक्षा अधिक पाणी टर्बाइनमधून सोडावे लागते. नर्मदेच्या खोऱ्यात सुमारे ३७ हजार हेक्टरांचा जलाशय का लागला, याचे उत्तर सिंचनाच्या गरजेबरोबरच या गणितातही आहे : गुरुत्वाकर्षणामुळे पाण्यात साठणारी ऊर्जा पाण्याच्या वस्तुमानाच्या मानाने अत्यल्प असते, म्हणून पाणी प्रचंड लागते आणि पाणी प्रचंड म्हणून जमीनही प्रचंड लागते.

आता उलट्या बाजूने विचार करता, ऊर्जेलाच वस्तुमान असते काय, या प्रश्नाचे उत्तर अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये एका छोट्या निबंधात होकारार्थी दिले. एखाद्या वस्तूने काही ऊर्जा बाहेर टाकली, तर त्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून जे मूल्य येते तितके त्या वस्तूचे वस्तुमान कमी होते, असा त्या निबंधाचा निष्कर्ष असून, ऊर्जा = वस्तुमान × प्रकाशवेगाचा वर्ग, या सूत्राने तो जगभर ओळखला जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर एवढा अफाट आहे आणि त्याचा वर्ग करावयाचा असल्याने थोडक्या वस्तुमानात प्रचंड ऊर्जा सामावते. एक ग्रॅम वस्तुमान म्हणजे अडीच कोटी युनिट. हेच सूत्र उलटे लावल्यास एका युनिटचे वस्तुमान ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्याही सुमारे पंचविसाव्या हिश्शाएवढे भरते; आणि सरदार सरोवराची दोन्ही वीजगृहे १,४५० मेगावॅटच्या पूर्ण क्षमतेने अहोरात्र चालली, तर चोवीस तासांत बाहेर पडणाऱ्या ३ कोटी ४८ लाख युनिट विजेचे एकूण वस्तुमान सुमारे १.४ ग्रॅम होते. विजेला वजन असते काय, या प्रश्नाचे उत्तर असे आहे : असते, परंतु एवढ्या विराट प्रकल्पाच्या दिवसभराच्या उत्पादनाचे वजन चिमूटभर मिठाहून फारसे अधिक नाही.

येथे एक गैरसमज टाळणे अगत्याचे आहे. धरणात पाण्याचे काही रेणू नाहीसे होऊन त्यांची वीज बनते, असा वरील हिशेबाचा अर्थ नाही. टर्बाइनमध्ये शिरलेला पाण्याचा प्रत्येक रेणू जसाच्या तसा बाहेर पडतो. अर्थ एवढाच, की वस्तुमान हे केवळ कणांच्या संख्येवर ठरत नाही, कणांच्या परस्पर मांडणीतील ऊर्जाही त्यात मोजली जाते. त्यामुळे उंचावरचे पाणी खाली आले आणि त्यातून मिळालेली ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपाने अवकाशात निघून गेली, की पृथ्वी व पाणी यांच्या एकत्रित व्यवस्थेचे वस्तुमान तेवढ्याने कमी भरते. डोंगरावरच्या घरातील चुलीत सरपण जळते तेव्हाही हेच घडते. लाकडातील कार्बन व हायड्रोजन यांचे हवेतील ऑक्सिजनशी नवे बंध जुळताना इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, नव्या मांडणीची ऊर्जा जुनीपेक्षा कमी असते आणि मधला फरक ज्वाळा व धग म्हणून बाहेर पडतो; एक किलो वाळलेले लाकूड जळाल्यावर राख, धूर आणि वायू यांच्या एकूण वस्तुमानात पडणारी तूट मात्र ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असल्याने ती कोणत्याही तराजूत सापडत नाही.

इलेक्ट्रॉनच्या पातळीवर ऊर्जा मोजण्यासाठी इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक वापरतात. एक व्होल्ट विद्युतदाबाच्या फरकातून जाताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. स्वयंपाक, पचन, गंजणे, बॅटरी अशा सर्व रासायनिक क्रियांत दर इलेक्ट्रॉनमागे अशा काही एककांचीच देवघेव होते, तर स्वतः इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात साठलेली ऊर्जा ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. रोजच्या जीवनात द्रव्य आणि ऊर्जा ही दोन वेगळी तत्त्वे भासतात, त्याचे कारण हे अंतर होय.

द्रव्याचा जन्म आणि लय

हे अंतर जिथे नाहीसे होते, तिथे मराठी वाचकाला परिचित असलेले एक नाव भेटते. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे समीकरण मांडले आणि त्यातून, इलेक्ट्रॉनइतकेच वस्तुमान परंतु धनप्रभार असलेला एक जुळा कण असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. पॉझिट्रॉन या नावाने ओळखला जाणारा हा प्रतिकण कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये विश्वकिरणांत, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या अतिवेगवान कणांच्या वर्षावात, प्रत्यक्ष आढळला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकत्र आले की दोघांचाही लय होतो आणि त्यांच्या जागी गॅमा किरण, म्हणजे शुद्ध प्रारण, उरते. उलट पुरेशा ऊर्जेचा गॅमा किरण अणुकेंद्राजवळून जाताना स्वतः लुप्त होऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करतो. आइन्स्टाइन यांचे सूत्र येथे अल्पशा तुटीपुरते मर्यादित राहत नाही. द्रव्याचा कण संपूर्णपणे ऊर्जेत विलीन होतो आणि ऊर्जेतून संपूर्ण कण जन्माला येतो.

ते परिचित नाव म्हणजे मुंबईत १९०९ साली जन्मलेले होमी भाभा; केंब्रिज येथे असताना ते याच विषयावर काम करीत होते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्याचे गणित त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले आणि ही प्रक्रिया आजही जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाते. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या प्रचंड इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रात किती टकरी होत आहेत हे मोजण्यासाठी याच प्रक्रियेचा उपयोग केला जात असे. वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये भाभांनी हेही दाखविले, की अवकाशातून आलेला एक ऊर्जावान इलेक्ट्रॉन वातावरणात गॅमा किरण निर्माण करतो, त्या किरणांतून जोड्या जन्मतात, त्या जोड्या पुन्हा गॅमा किरण देतात आणि अशा साखळीतून कणांचा मोठा वर्षाव तयार होतो. १९४५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि भारतातील कणभौतिकीच्या संशोधनाला कायमचे घर मिळाले. मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाच्या निदानासाठी केले जाणारे पेट स्कॅन हे याच ज्ञानाचे व्यावहारिक फळ आहे : रुग्णाला दिलेल्या औषधातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात, शरीरातील इलेक्ट्रॉनांशी गाठ पडताच त्यांचा लय होतो आणि विरुद्ध दिशांना निघालेल्या, प्रत्येकी ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या, दोन गॅमा किरणांवरून रोगाची जागा कळते.

अणुकेंद्राच्या पातळीवर हेच नाते पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे दिसते. १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या या केंद्रातील चारही संचांची एकत्रित स्थापित क्षमता १,४०० मेगावॅट, म्हणजे सरदार सरोवराच्या जवळपास बरोबरीची आहे. युरेनियमच्या केंद्राचे विखंडन, म्हणजे दोन तुकडे, होताना त्याच्या वस्तुमानाचा सुमारे हजारावा भाग ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो आणि त्या उष्णतेच्या साधारण एक-तृतीयांशाचीच वीज होते. एवढी क्षमता दिवसभर पूर्ण वापरायची तर साधारण पाच किलोच्या आसपास अणुइंधनाचे विखंडन व्हावे लागते आणि त्यातील तूट चार ग्रॅमांच्या घरात असते. सेकंदाला हजाराहून अधिक घनमीटर पाणी आणि दिवसाला पाच किलो इंधन यांतील तफावत गुरुत्वाकर्षण व अणुकेंद्रीय बल यांच्या सामर्थ्यातील तफावत आहे. अणुकेंद्रीय मार्गाची किंमत मात्र किरणोत्सारी कचऱ्याच्या दीर्घकालीन सांभाळात मोजावी लागते.

याहूनही खोलात शिरल्यास द्रव्य या संकल्पनेचा पायाच बदलतो. पाण्याचे जवळजवळ सगळे वस्तुमान ज्या प्रोटॉन व न्यूट्रॉनांत असते ते क्वार्क नावाच्या कणांचे बनलेले असून, त्या क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का असते. उरलेला भाग त्यांच्या गतीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा होय. मणिबेलीच्या जमिनीवर पसरलेले पाणी, त्याखालचा गाळ आणि काठावरचा सागवृक्ष हे सर्व वजनाच्या दृष्टीने मुख्यतः बंदिस्त ऊर्जाच आहेत. इलेक्ट्रॉन याला अपवाद आहे, कारण त्याच्या आत कोणतीही रचना आजवर आढळलेली नाही. सिद्धांतानुसार त्याचे वस्तुमान विश्व व्यापून असलेल्या हिग्ज क्षेत्राशी होणाऱ्या त्याच्या संबंधातून येते, आणि या क्षेत्राचे अस्तित्व सर्न येथे २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्यामुळे प्रस्थापित झाले.

सूर्यापासून पाड्यापर्यंत

नर्मदेच्या पाण्याला ती उंची कोणी दिली, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रे जुळून हेलियम तयार होताना वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्का भाग ऊर्जा म्हणून मोकळा होतो आणि अशा रीतीने सूर्य दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रारणरूपाने गमावतो. त्यातील पृथ्वीच्या वाट्याला येणाऱ्या ऊर्जेचे वस्तुमान सेकंदाला अवघे दोन किलोच्या आसपास असते. या दोन किलोंच्या आधारावर समुद्राचे पाणी वाफ होऊन वर चढते, मोसमी वारे ते अमरकंटकापासून सातपुड्यापर्यंत आणून टाकतात, मोहाला फुले येतात, भातात दाणा भरतो आणि नदीला पूर येतो. जलविद्युत, सरपण आणि अन्न या तिन्हींचे मूळ त्यामुळे एकच ठरते.

सौर पॅनेल ही वाट कमालीची आखूड करते. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की प्रकाशाची ऊर्जा पुडक्यापुडक्यांनी दिली-घेतली जाते आणि अशा एका पुडक्याने, म्हणजे फोटॉनने, धातूतील एक इलेक्ट्रॉन मोकळा होऊ शकतो. सिलिकॉनच्या पातळ चकतीत बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे करण्यास सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि दृश्य प्रकाशाच्या फोटॉनमध्ये ती पुरेशी असते. पुढे चकतीतील अंगभूत विद्युत्क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला वळविते आणि प्रवाह सुरू होतो. यात पाणी, टर्बाइन वा फिरते चुंबक यांची गरज नसते, आणि ज्या दुर्गम पाड्यांपर्यंत तारा पोचणे अवघड असते तेथे दिवा लावण्यासाठी हा मार्ग उपयोगी पडतो. ढगाळ पावसाळ्यात आणि रात्री त्याला बॅटरीची जोड द्यावी लागते, आणि त्या बॅटरीतही पुन्हा इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतच ऊर्जा साठविली जाते.

अखेरीस एक प्रश्न उरतो : ऊर्जा नष्ट होत नाही, केवळ रूप बदलते, हे जर भौतिकशास्त्राचे मूलभूत तत्त्व असेल, तर वीज वाचवा असे सांगण्यात अर्थ तो कोणता? याचे उत्तर उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता व कार्य यांच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमात आहे. उंचावरच्या पाण्यातील ऊर्जेने पंखा फिरवता येतो, परंतु पंख्याने ढवळलेल्या हवेची धग गोळा करून ते पाणी पुन्हा पूर्णपणे वर चढविता येत नाही. प्रत्येक रूपांतरात ऊर्जेचे प्रमाण तेवढेच राहते आणि तिची उपयुक्तता मात्र घटत जाते. म्हणून वाचवावयाची असते ती ऊर्जा नव्हे, तर तिचे कामाला येणारे रूप, आणि ते रूप मिळविण्यासाठी लागणारे पाणी, इंधन व जमीन. ऊर्जेच्या जमाखर्चात निसर्ग एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचीही चूक होऊ देत नाही, परंतु १.४ ग्रॅम वस्तुमानाइतकी ऊर्जा रोज मिळविण्यासाठी ३३ गावांनी काय द्यावे, हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही. ते माणसे ठरवितात, आणि ज्यांच्या घरी ती वीज येते त्यांनी एका युनिटमागील ३,७०० लिटर पाणी आणि त्या पाण्याखालची जमीन या दोन्हींची जाण ठेवून बटण दाबावे, एवढी अपेक्षा मणिबेलीच्या वतीने करणे गैर ठरू नये.